सातवं रीळ

म्हसवडच्या यात्रेत, माणगंगेच्या कोरड्या वाळूत
आमचा तंबू. विट्याहून ट्रकनं आलेला.
दिवस मावळला की सुरू, शेवटचा खेळ पहाटे तीनला,
आणि पिक्चर लढाईचा,
कारण या बाजूला घरटी एक वर्दी.

सातव्या रिळात देव येतो.
आधी वीज, मग घंटा,
मग हिरो गळ्यातला ताईत ओठांना लावतो
आणि तंबूत चपला काढल्याचा आवाज होतो.
वाळूवर चपलांचा कसला आवाज, म्हणाल.
पाचशे माणसांच्या होतो.

पलीकडच्या डोंगरावर शत्रू नमाजाला वाकतो.
तिथं संगीतवाल्यानं खर्जातलं काहीतरी टाकलंय,
विहिरीत जनावर पडल्यासारखं.
मग गोळी सुटते.
ताईतावर टण्ण.
ताईत वाकतो, हिरो उठतो,
नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!
गुलाल उडतो, पडद्यावर नाणी उडतात.
यात्रा सरता सरता पडदा उन्हात धरला
तर हिरोच्या छातीच्या जागी चाळण.

हवालदार मुलाणी रोज तिकीट काढून येतात
आणि सातवं लागलं की बिडी ओढायला बाहेर.
एकदा मीच विचारलं.
म्हणाले, आमच्या पलटणीत सगळे देव एका खोलीत.
पंडितजी रजेवर गेले की किल्ली माझ्याकडं.
समई मीच घासायचो, चिंचेनं.

आणि वर? चौकीवर?

वर वारा फार.
कुणाचं काही ऐकू येत नाही. ना आपलं, ना त्यांचं.
बिडी विझवली, थोटूक कानामागं खोचलं.
मग बऱ्याच वेळानं,
मी आत जायला निघालो तेव्हा, पाठीमागून:
सुबरावच्याही गळ्यात होता. नाथाचा, तांब्याचा.
गोळी दोन बोटं वर लागली.
मीच काढला तो. साधा ओरखडा नव्हता त्यावर.
रुमालात बांधून आईला आणून दिला,
तिनं उलटा केला, सुलटा केला,
आणि मलाच विचारलं, हे काय?

रथाच्या दिवशी दुपारी तंबू मोकळा.
सगळं गाव रथाकडं.
फुलाबाई आली. पदराच्या गाठीतून
तिकिटाचे पैसे काढून मशीनवर ठेवले.
आख्खा नको, म्हणाली.
तेवढंच लाव, ज्यात लागत न्हाई त्याला.

दिवसाउजेडी चित्र पुसट,
शंभरदा धुतलेल्या लुगड्यासारखं.
वीज आली, घंटा आली.
तिला चपला काढायच्या नव्हत्या, ती अनवाणीच आलेली.
डोंगरावरचा माणूस वाकला, तेव्हा विचारलं,
ह्यो कोण?
शत्रू, म्हटलं.
पाठमोरा मुलाण्यावाणी दिसतोय.

टण्ण.

थांबव. हितंच थांबव.

मी म्हटलं, मावशी, नाही थांबवता येत.
आत कार्बनच्या कांड्यांचा जाळ असतो.
रीळ जागेवर उभं राहिलं
की चित्राला मधोमध फोड येतो,
कडा तपकिरी होत जातात,
माणूस आहे तिथंच जळतो.

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.
हिरो केव्हाच उठला होता, झेंडा घेऊन पळत होता,
घामाचा एक थेंब नव्हता अंगावर.
लांब हलग्या कडाडत होत्या.
कनातीच्या फटीत मुलाणी उभे होते,
हातातली बिडी पेटवायची राहिलेली.

मग म्हणाली, बरं. जळाया नको.
मागं घे. परत चालव.

रीळ हातानं उलटं गुंडाळायला
सहा-सात मिनिटं जातात.
तेवढा वेळ ती
पडद्याची भोकं मोजत बसली.